काकांच्या मागची सायकल

माझे काका गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढतात. जन्मभर पत्र्यावर हातोडी चालवून त्यांचे कान कामातून गेले, पण हे कबूल करतील तर ते काका कसले! "हल्ली लोकच पुटपुटतात," असं ते म्हणतात, तेही इतक्या मोठ्यानं की शेजारचे खिडकीत येतात. काकूला त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून ओरडावं लागतं. त्यामुळे त्यांच्या घरातली खासगी गोष्ट आधी गल्लीला कळते, मग काकांना.

अशा माणसानं भर गर्दीतून सायकल चालवत कामावर जावं का? मी सांगून सांगून थकले. त्यांचं एकच, "माझ्या हातून नीट झालेली गाडी मला धक्का देईल होय?" यापुढे काय बोलणार, कपाळ!

इतकी वर्षं निभावलं ते काकूमुळे. त्याच रस्त्यावरच्या बाइंडिंगच्या दुकानात ती पुस्तकं शिवते. काकांच्या कॅरिअरवर बसायची आणि मागून गाडी आली की त्यांच्या पाठीवर थाप मारायची. ट्रक किंवा बस असेल तर दोन थापा. शर्ट ओढला की थांबायचं.

मग एकदा एक गाडी अगदी खेटून गेली आणि तिचा आरसा काकूच्या कोपराला लागला. दोघंही आडवी झाली. काकूचा हात प्लास्टरमध्ये गेला, काकांना साधं खरचटलंही नाही, आणि तेच त्यांना सहन होईना. घरी आल्या आल्या त्यांनी पाना घेऊन कॅरिअर काढून टाकला. "आता तू बसनं जायचं. विषय संपला."

हात बरा झाल्यावर काकू बसनं जाऊ लागली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. हा माणूस एकटा, मागचं काही ऐकू येत नाही, गॅरेजला पोचलाय की रस्त्यात पडलाय कोण सांगणार? फोन करून उपयोग नाही. सुई हातात तशीच राहायची. काकांना बसनं चला म्हटलं तर, "मी काय म्हातारा झालोय?" मी त्यांच्या सायकलला आरसा बसवून दिला. ते आरशात इतके रंगले की समोर उभ्या असलेल्या हातगाडीवर जाऊन आदळले. कानातलं मशीन आणलं, तर वाऱ्याचा घोंगावणारा आवाज ऐकून त्यांनी ते कपाटात कोंबलं.

शेवटी काकूच माझ्याकडे आली. "मला सायकल शिकव."

अठ्ठावन्न वर्षांची बाई! मला हसू फुटलं. तिनं असे डोळे वटारले की मी निमूट मैदानावर गेले. ती पडायची, पदर खोचायची आणि पुन्हा चढायची. मी तिला मुख्य गोष्ट शिकवली: रस्त्याच्या कडेला अंग चोरून सायकल चालवायची नाही. कडेला चिकटलं की गाडीवाल्याला वाटतं, जागा आहे, घुसवू. थोडं आत राहिलं की त्याला वेग कमी करून नीट वळसा घ्यावाच लागतो. आणि हात दाखवल्याशिवाय वळायचं नाही. काकूनं मान डोलावली. तिला याच्यासाठीच शिकायचं होतं.

काका तर खूश! "तू माझ्या मागे राहा. मी पुढे वाट करून देतो."

"बरं," काकू म्हणाली.

तेव्हापासून पुढे काका, राजासारखे ताठ, आणि मागे काकू, जराशी रस्त्याच्या आत. हॉर्न, शिव्या, "घरी बसा ना आजी," सगळं तिच्या वाट्याला. काकांच्या जवळून मात्र गाडी जात नाही. त्यांनी एकदा मला ऐकवलं, "रस्ता किती सुधारलाय बघ. नियमानं चाललं की कुणी नडत नाही." मी तोंड उघडणार तोच काकूनं माझा पाय दाबला.

परवा मी चौकातल्या बसथांब्यावर उभी होते. लाल सिग्नलला ही जोडी थांबली, आणि मागच्या गाडीतून एक माणूस तणतणत उतरला. "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे? केव्हापासून हॉर्न देतोय!" काकूचा चेहरा पडला. माझं डोकं फिरलं, मी धावणार, तोच काकांनी मागे वळून पाहिलं.

"काय म्हणतोय गं तो?"

काकू ओरडली, "अहो, मोठ्या दवाखान्याचा रस्ता विचारताहेत!"

काकांनी सायकल लावली आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "सरळ जा. पंपापाशी डावीकडे वळा. पाटी लहान आहे, चुकाल. कोण आजारी आहे?"

तो माणूस नुसता बघत राहिला. काकांना वाटलं, हाही पुटपुटला. त्यांनी काकूकडे पाहिलं.

"यांची आई!" काकू ओरडली.

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतील बऱ्या. पण घाई करू नका बाबा. गाडीचा पोचा मी काढून देईन, माणसाचं तसं नसतं."

तो काकांच्या कानांकडे बघत होता, मग त्यानं काकूकडे पाहिलं. तिनं नजर खाली वळवली. तो गाडीत जाऊन बसला.

सिग्नल सुटला. पुढे काका, मागे काकू आणि तिच्यामागे सायकलच्या वेगानं ती गाडी. मागच्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला, तरी गाडी बाजूला होईना. चौकाच्या पुढचाच पंप आला. काका थांबले, डावीकडे हात करू लागले. गाडीही थांबली, पण वळली नाही.

काकांचा आवाज बसथांब्यापर्यंत आला, "अगं, याला वळायचं होतं ना? हा आपल्या मागे कशाला येतोय?"

काकूलाही ओरडावंच लागलं.

"येऊ द्या," ती म्हणाली. "येऊ द्या हो त्याला."