टायपिंगच्या बाईंचा पियानो

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर, मी सत्तावीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. मग मशिनवरच्या परीक्षा बंद झाल्या. मशिनं भंगारवाल्याला देऊन मी घरी बसले. वय चोपन्न, बोटं ठणठणीत, आणि काम काही नाही.

त्याच सुमारास दौंडला माझ्या धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी तिच्याकडे राहायला गेले. शेजारच्या बैठ्या घरातून रोज पियानो ऐकू यायचा. तिसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी ऐकत उभी असताना तिशी-पस्तिशीची एक बाई बाहेर आली.

"बाई, तुम्ही इथं कशा?"

मी ओळखलं नाही.

"तीस स्पीडच्या परीक्षेला दोनदा नापास झाले होते बघा. माझ्या हातांवर खोकं ठेवायचात तुम्ही."

मग ओळखलं. मुलांनी अक्षरं बघून टाइप करू नये म्हणून मी त्यांच्या हातांवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायची. ही मुलगी खोक्याखालीही ठेक्यात टाइप करायची. कागदावर अक्षरं भलतीच, पण ठेका पक्का. "हा बँड नाही," असं मी तिला सगळ्या वर्गासमोर कितीदा तरी सुनावलं होतं. आता ती लग्न होऊन दौंडला आली होती. तिच्या आजेसासऱ्यांनी रेल्वेत असताना घेतलेला जुना पियानो घरात होता, त्यांच्याकडूनच ती तो शिकली होती आणि त्यावर मुलांना शिकवत होती.

तिनं आत नेऊन चहा दिला. पियानोकडे बघत मी म्हटलं, "हे काही फार अवघड नसणार. दहाही बोटं चालतात माझी."

"आठ, बाई," ती म्हणाली. "अंगठे तुमचे फक्त स्पेस द्यायचे. बसा, बघू."

मी बसले. तिनं पाच स्वर दाखवले, मी ते खाडखाड वाजवले.

"एकही चूक नाही," ती म्हणाली. "पण तहसीलदाराला अर्ज टाइप केल्यासारखं वाटलं."

खरं सांगायचं तर मला राग आला. त्या रागातच मी दर शनिवारी यायचं ठरवून टाकलं. बहिणीचा डोळा बरा झाला तरी मी सकाळच्या एसटीनं शिरूरहून दौंडला जातच राहिले.

माझी अडचण अशी होती की बोटांना सगळं येत होतं आणि सगळं चुकीचं येत होतं. मशिनवर अक्षर ठोकायचं आणि बोट लगेच उचलायचं; इथं दाबून थांबायचं होतं. जन्मभर आळशी राहिलेल्या अंगठ्याला आता बाकीच्या बोटांखालून वाकून पलीकडे जावं लागत होतं, आणि तो दर वेळी वाटेत अडकायचा. सगळ्यात वाईट माझा डावा हात. ओळ संपली की तो आपोआप वर जायचा, मशिनची कॅरेज नव्या ओळीसाठी ढकलायला. पहिल्यांदा असं झालं तेव्हा माझी ही पियानोची बाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली आणि बऱ्याच वेळानं पाणी घेऊन आली. पाणी मी मागितलं नव्हतं.

एकदा मी तिला विचारलं, "तेव्हा माझा राग यायचा का गं?"

"यायचा ना," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला शिकवायला घेतलं. हं, अंगठा."

घरी सरावासाठी मी एक छोटा कीबोर्ड आणला. आमची शेवंतीची शेती आहे; दुपारी आमचे मालक ओसरीवर फुलांच्या जुड्या बांधायला बसतात, तीच माझी सरावाची वेळ. महिनाभर ते ऐकत जुड्या बांधत होते. मग एक दिवस म्हणाले, "त्ये एक गाणं हाय ना तुझं, मधीच थांबतंय त्ये. त्ये सगळं कवा व्हणार? जुडी बांधता बांधता माझा बी हात थांबतोय."

"शिकतेय अजून."

"शिक की. मी कुठं न्हाई म्हंतोय."

वर्षाच्या शेवटी तिनं तिच्या बैठकीच्या खोलीत विद्यार्थ्यांचा कार्यक्रम ठेवला. सात मुलं आणि मी. सतरंजीवर सगळ्यांचे आईबाप. त्यात माझे मालक, इस्त्रीच्या सदऱ्यात, मांडी घालून. माझ्या आधी दुसरीतली एक मुलगी दोन्ही हातांनी सुरेख वाजवून गेली. जाताना मला म्हणाली, "आजी, घाबरू नका."

पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत अंगठा अडकला, चुकीचा स्वर लागला आणि मी थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं म्हणून हात उचलले, तेवढ्यात शेजारी बसलेली माझी बाई हळूच म्हणाली, "परीक्षेत खोडरबर नाही. पुढं चला."

हे माझंच वाक्य होतं. सत्तावीस वर्षं मी ते मुलांना ऐकवलं होतं, आणि ऐकणाऱ्याला ते कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. मी पुढं गेले. शेवटपर्यंत गेले. सावकाश वाजवलं, दोन जागी बेसूर झालं, पण ठेका सुटला नाही. टाळ्या झाल्या. माझ्या बाईनं पाठीवर हात ठेवला आणि डोळे पुसले. मी तिला विचारणार होते की हसून पाणी आलं की कशानं, पण नाही विचारलं.

परतीच्या एसटीत बराच वेळ मालक खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मीच विचारलं, "कसं झालं?"

त्यांनी विचार केला. "तू वाजवत व्हतीस तवा सगळी गप बसली व्हती," ते म्हणाले. "म्हंजी चांगलंच आसंल. न्हाईतर भ्याली आसतील."

मग त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्या हातात दिली, आणि शिरूर येईपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले.