तीन रिंगांचा नियम

दोन वर्षं हिवाळी अधिवेशन नागपुरात झालं नाही. ते परत आलं, तेव्हा त्याच्याबरोबर तारांकित प्रश्नही आमच्या कार्यालयात परत आले. विधानभवनात मंत्री उत्तर वाचतात, पण ते उत्तर खालून वर जातं, आणि सगळ्यात खाली माझ्यासारखी वरिष्ठ लिपिक बसलेली असते. साचा ठरलेला. 'हे खरे आहे काय?' असं विचारलेलं असतं. 'हे खरे नाही' असं लिहिलं की खालच्या सगळ्या पोटप्रश्नांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' टाइप करायचं आणि घरी जायचं.

शेजारच्या टेबलावरची माझी सहकारी दर हिवाळ्यात म्हणते, "अधिवेशन आलं का साहेबाले बीपी, आन् आपल्याले टायपिंग."

त्या वर्षी माझ्या टेबलावर आलेला प्रश्न असा होता: कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मदत कक्षाकडे वारंवार मागणी करूनही खाट न मिळाल्याने रुग्ण दगावले, हे खरे आहे काय?

त्या मदत कक्षात दोन महिने मीच बसले होते. वरच्या मजल्यावरच्या सभागृहात चार फोन आणि एक जाडजूड रजिस्टर. फोन आला की नाव, नंबर, ऑक्सिजन किती, ते लिहायचं. कुठे खाट रिकामी झाली की आम्ही उलट फोन लावायचो. पहिल्या आठवड्यात लोक उचलायचेच नाहीत. कुणाला दुसरीकडे जागा मिळालेली असायची, कुणाला तिची गरज उरलेली नसायची, आणि खाट तासभर तशीच पडून राहायची. म्हणून मी नियम काढला. तीन वेळा रिंग द्यायची. उचलला नाही तर लाल पेनाने रेघ, पुढे 'प्रतिसाद नाही', खाट यादीतल्या पुढच्याला. बंद केलेल्या नोंदीत पुन्हा काही लिहायचं नाही, म्हणजे घोळ होत नाही. साहेबांनी नियम सगळ्या पाळ्यांना लावला. नियम चांगला होता. आजही मी तेच म्हणेन.

उमरेडच्या बाईचा पहिला फोन सकाळी नऊच्या आधी आला. नवऱ्याला गाडीत घालून ती रामदासपेठेत एका दवाखान्याबाहेर उभी होती. आत जागा नव्हती. दर अर्ध्या तासाने तिचा फोन. "ताई, मी उमरेडवाली बोलून राहिली. भेटली का?" चौथ्या-पाचव्या फोनला ती आकडे सांगायची थांबली आणि नुसतं "कमी होऊन राहिलं" म्हणाली. मी तिला सांगितलं, मागच्या सीटवर त्यांना पालथं झोपवा, हलवू नका, श्वासाला बरं पडतं. डॉक्टरांनी आम्हाला दिलेल्या कागदावर तसंच लिहिलं होतं.

दुपारी एकच्या सुमाराला खाट मिळाली. तिने दिलेल्या नंबरवर मी तीन वेळा फोन लावला. पूर्ण वाजू दिला. मग रेघ मारली. खाट जरीपटक्याच्या एका माणसाला गेली. तो वाचला. पुढे मिठाई घेऊन आला होता, मी खाल्ली.

रेघ मारून दहा मिनिटं झाली नसतील, तिचा फोन आला. "ताई, तुमचा फोन होता का?" मी खरं ते सांगितलं: होता, आता खाट गेली, यादीत पुन्हा नाव घालते. ती रडली-ओरडली नाही. "बरं" म्हणाली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. नोंद बंद झाली होती, म्हणून मी तिचा तो फोन कुठे लिहिला नाही. यादीत तिचं नाव नव्याने घातलं, पण संध्याकाळी रिकामी झालेली खाटही तिच्या आधीच्या कुणाला द्यावी लागली.

प्रश्न टेबलावर आला त्याच आठवड्यात ती एसटीने आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ओळखायचं काही कारण नव्हतं, पण तिने "ताई" म्हटलं आणि मला कळलं. तिच्या पिशवीत रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स होती. कुठल्याशा पक्षाच्या कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकारात पानं काढली होती, विधानभवनात गाजवायला. ते पान गावभर फिरलं होतं.

"सासू म्हणते, सरकारनं खाट देल्ली होती, तूच फोन नाही उचलला, म्हून माहा पोरगा गेला. पोरगी मोठी होऊन राहिली, तिलेबी तेच सांगते. मी नंतर फोन केला होता, ते काहून नाही लिवलं ताई?"

मी म्हटलं, "तेव्हा का नाही उचलला?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. पण विचारला.

"माह्या फोनची बॅटरी उतरून राहिली होती, म्हून नंबर त्यायचा देल्ला होता. तो फोन त्यायच्या खिशात होता, छातीवरच्या. पालथे झोपले होते. मले ऐकू येऊन राहिलं होतं, तिन्ही डाव. पण तुमीच म्हटलं होतं, हलवू नका."

मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. तिने घेतला नाही. मीच प्यायले.

उत्तराच्या मसुद्यात मी लिहिलं: 'हे अंशतः खरे आहे.' साहेबांनी शब्दावर पेन ठेवला.

"मॅडम, अंशतः? उद्या दहा उपप्रश्न येतील, कोण उभं राहणार? रजिस्टर काय म्हणते? खाट दिली, त्यायनं उचलला नाही. बात खतम."

"तेव्हाचं सरकार आता नाही, साहेब. आता कशाला झाकायचं?"

"सरकार कोणतंबी असो, रजिस्टर आपलं आहे."

'हे खरे नाही' असं उत्तर गेलं. कार्यालयातल्या टीव्हीवर आम्ही चर्चा पाहिली. लाटेच्या वेळी सत्तेत असलेले आता विरोधी बाकांवर होते. तयारी कुणाची कमी पडली यावर दोन्हीकडून कागद हलवले गेले. त्यातलं एक पान माझ्या अक्षरातलं होतं. लाल रेघ टीव्हीवरही दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी एक पत्र तयार केलं. सदर महिलेने काही मिनिटांतच स्वतःहून फोन केला होता. तो नोंदवला गेला नाही. रुग्णास पालथे ठेवून न हलवण्याची सूचना मी दिली होती, त्यामुळे फोन घेता आला नाही. खाली माझं नाव, पदनाम. जावक क्रमांक घातला, शिक्का मारला, एक प्रत रजिस्टरच्या फाइलला लावली. साहेबांना विचारलं नाही. त्यांनी महिन्याभराने मला खुलासा मागितला, तो मी दिला.

पत्र पोचल्यावर तिचा फोन आला. "सासूले वाचून दाखवलं. ते म्हणते, शिक्का खरा आहे का?"

"खरा आहे म्हणावं."

"पोरीनंबी वाचलं," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

आता माझ्याकडे जन्म-मृत्यूच्या दाखल्यांचं काम आहे. दाखला तयार झाला की अर्जदाराला फोन करायचा असतो. काही लोक उचलत नाहीत. गादीवर किंवा कपड्यांखाली दबलेला फोन कसा वाजत असेल, ते इकडून ऐकू येत नाही. मला येतं.

"काहून वं, चौथ्या डाव काय लावून राहिली?" शेजारची विचारते. "तीनचा नियम तुहाच ना?"

मी हात वर करून तिला थांबवते. पलीकडे अजून वाजत असतं.