मधली रिकामी जागा

सालवडला आमच्या शेजारचे काका एका कारखान्याच्या लॅबमध्ये नळी आपटून, पावडर खाली बसवून तिची घनता काढतात. शाळा नववीपर्यंत. त्या कामाच्या सवयीने घरातला कुठलाही डबा ते आधी ओट्यावर दोनदा आपटतात, मगच उघडतात. बोलताना समोरच्याकडे बघत नाहीत.

माझी एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आली होती. विश्वातल्या पदार्थाची घनता काढायची होती आणि माझं उत्तर लाखो पटींनी जास्त येत होतं.

"काय परफेसर, अडला काय?"

"दीर्घिकांचं वस्तुमान भागिले दीर्घिकांचं आकारमान. बरोबर तर आहे, काका."

"आन दोघींच्या मधली रिकामी जागा?" त्यांनी अर्धा भरलेला रव्याचा डबा पुढे सरकवला. "ती कोनाच्या बापाची? सगला डबा धर ना."

सगळी जागा धरली, तेव्हा घनमीटरमागे जेमतेम एक-दोन अणूंइतका पदार्थ उरला. तेच उत्तर हवं होतं.

परीक्षेत मी आधी कुठे चुकलो होतो तेही सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, ती चूक कुणी दाखवली? कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिला. "माझी मीच शोधली," म्हणालो.

संध्याकाळी पेढे घेऊन गेलो, पण काकांना हे सांगितलं नाही. त्यांनी पेढा मोडला, मोठा तुकडा माझ्या तोंडात घातला आणि म्हणाले, "डोकं हाय तुला."