वासाला दोष नाही

कॉफीनं भरलेला पेला, आमचा टंबळर, दोन्ही हातांत धरून ती नाकाखाली न्यायची, डोळे मिटायची, एक लांब श्वास घ्यायची आणि टंबळर माझ्यापुढे सरकवायची. "घे, पी आता. माझं झालं." कुणी हसलं की तिचं उत्तर ठरलेलं: "वासाला दोष नाही हो."

पापनाशमच्या तालुका कचेरीत, जमिनीच्या नोंदींच्या विभागात, माझं टेबल तिच्या टेबलाला लागून होतं. वयानं ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. दोघी तंजावूरच्या, राजवाड्यामागच्या आळ्यांतल्या, दोघींच्या घरांत मराठी. सकाळी आठची बस एकत्र, संध्याकाळची एकत्र. कचेरीत आमची मराठी म्हणजे कुलूपबंद भाषा. साहेबांच्या समोर उभं राहून साहेबांबद्दल आम्ही काय काय बोललो आहोत, ते आठवलं की आता लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

अकरा वाजता मेसवाला किटली घेऊन यायचा. आमच्या मुलखात कॉफी, म्हणजे कापी (आम्ही असंच म्हणतो), ही नुसती पिण्याची वस्तू नाही. भांडण झालं तर कापी, जुळलं तर कापी, पाहुणा आला तर पाण्याआधी कापी. अशा ठिकाणी एक बाई सगळ्यांमध्ये बसून नुसता वास घेते, हे कुणाला खपणार? हेडक्लार्क मोठे पंडित. ते एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "अम्मा, हुंगणं म्हणजे अर्धं जेवण, शास्त्रात आहे." अक्का थंडपणे म्हणाली, "सरी, बरं. मग उरलेलं अर्धं तुम्ही सोडून दाखवा." त्यानंतर ते त्या वाटेला गेले नाहीत.

बरं, ती जन्माची विरक्त होती म्हणावं तर तेही नाही. मी नोकरीला लागले तेव्हा तिच्याइतकी कापीवेडी बाई मी पाहिली नव्हती. नुसत्या वासावरून चिकोरी किती घातली आहे ते सांगायची. बिया कुणाकडे भाजलेल्या, दळून किती दिवस झाले, दूध पहिल्या उकळीचं की परत तापवलेलं, सगळं सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. आईनं दिलेलं पितळी फिल्टर ती चिंचेनं घासून सोन्यासारखं ठेवायची. पण हे सगळं सासरी एका कोपऱ्यात, पडवीत, वेगळ्या शेगडीवर. स्वयंपाकघरात कापीला मज्जाव होता.

तिचं सासर मठाचं शिष्य. नियम असा, की जे देवाला नैवेद्य दाखवता येत नाही ते तोंडात घालायचं नाही. कापी आणि चहा देवाला चालत नाहीत. म्हणून जी बाई ते पिते तिनं सोवळ्यात स्वयंपाक करायचा नाही, आणि केला तरी तिच्या हातचं सासू जेवणार नाही. अक्काचा नवरा आणि मुलगा बाहेर दिवसाला चार चार टंबळर रिचवत. त्यांना कुणी काही बोलत नसे. पुरुष कुठे स्वयंपाक करतात!

सासूबाईंना ती अत्याबाई म्हणायची. अत्याबाई स्वतःचं अन्न स्वतः शिजवायच्या, ऐंशीच्या घरात आल्या तरी. सून लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या हातचा भाताचा कण त्यांनी खाल्ला नव्हता. आणि मग एक दिवस न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. म्हातारी खाटेला खिळली. आता रांधणार कोण? नवरा म्हणाला, मठातून कुणाला बोलावू. अक्का म्हणाली, "नक्को. घरात मी असताना?"

त्याच दिवशी तिनं कापी सोडली. संध्याकाळी पितळी फिल्टर पदराखाली घेऊन माझ्या घरी आली. आमची घरं दोन आळ्यांच्या अंतरावर. "तुझ्याकडे राहू दे," म्हणाली. "डोळ्यांसमोर नक्को." मला वाटलं, महिनाभर राहील. चातुर्मासात हे लोक एक महिना भाजी सोडतात, एक महिना दही, एक महिना दूध, एक महिना डाळी. ती सगळी महिन्याची पाहुणी, येतात आणि जातात. कापीही तशीच परत येईल म्हणून मी फिल्टर जपून ठेवलं. ती परत आली नाही. मग हळूहळू मीच ते वापरायला लागले.

पहिले आठ दिवस तिचं डोकं असं दुखायचं, की बसमध्ये ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून बसायची. शेताशेतांत भातलावणी चालू होती, आणि एरवी कुणाचं शेत कुणी ढापलं ते सांगत येणारी ही बाई एक शब्द बोलत नव्हती. मी म्हटलं, "अक्का, कचेरीत एक घोट घे. म्हातारीला तंजावुरात काय कळतंय?"

"मला कळतंय की," ती म्हणाली.

आणि म्हातारीलाही कळण्याची सोय होतीच. संध्याकाळी सून उंबऱ्यात पाऊल ठेवते न ठेवते तोच आतून हाक यायची. "ये गे हिकडे. आ कर." पन्नाशीची सरकारी नोकर, जिच्या सहीवर शेतकऱ्यांचे कागद हलत, ती खाटेशी वाकून तोंड उघडायची आणि म्हातारी हुंगायची. हे तिनं मला सांगितलं तेव्हा माझा संताप झाला. मी तोंडाला येईल ते बोलले. ती हसून म्हणाली, "होंदे गं. दाताच्या डॉक्टरसमोर नाही का उघडत?"

तेव्हा तुम्ही म्हणाल, अशा घरात राहायचं कशाला, आणि अशा म्हातारीची मनधरणी कशाला? मीही हेच विचारलं. ती म्हणाली, "सव्वीस वर्षं एका घरात आहोत. मी तिला कधी वाढलेलं नाही. तिनं माझ्या हातचं जेवायला पाहिजे." तिला हवं होतं ते एवढंच.

अत्याबाई जेवायला लागल्या, पण तोंड वाकडं करून, रोज परीक्षा घेऊन. आणि ते जमत आलेलं मी बिघडवलं. झालं असं, की अकराच्या कापीला कुठलंसं काहीतरी सांगताना मी हातवारे केले आणि अख्खा टंबळर तिच्या साडीवर सांडला. तिनं नळाखाली पदर धुतला, पिळला, उन्हात धरला. कापीचा वास आहे तो, असा जातो का? संध्याकाळी अत्याबाईंनी तोंडही हुंगलं नाही. "पदराला येतोय," म्हणाल्या. "मला फसवलंस." आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी कळल्यावर मी कचेरीतून थेट तिच्या घरी गेले. खाटेपाशी उभी राहून सगळं सांगितलं. टंबळर माझ्या हातून सांडला, अक्काची काही चूक नाही, देवाशपथ. म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तूं कापी पितेस?"

"हो, पिते."

"मग तुझी साक्ष कशी घेऊ?"

मी तशीच घरी आले. रागाच्या भरात तीन दिवस कापी प्यायले नाही, चौथ्या दिवशी प्यायले. माझी शक्ती तेवढीच.

त्या तीन दिवसांतले दोन दिवस अत्याबाई केळ्यांवर राहिल्या. अक्का मात्र रोज पहाटे न्हाऊन, ओलेत्यानं स्वयंपाक करून, पान वाढून खाटेशी ठेवायची. वेळ झाली की पान उचलून गाईला घालायची आणि बसला यायची. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं विचारलं, "तूं जेवलीस?"

"नाही अत्याबाई."

"कधीपासून?"

"तुम्ही जेवण टाकल्यापासून."

म्हातारीनं भिंतीकडचं तोंड इकडे फिरवलं. मग म्हणाली, "वाढ." भात कालवला, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी झालंय." हे 'मीठ कमी झालंय' अक्कानं मला बसमध्ये सांगितलं तेव्हा बढतीचा हुकूम हातात असल्यासारखा तिचा चेहरा होता. त्या दिवसापासून तोंड हुंगणं बंद झालं. पुढे पाच वर्षं म्हातारी तिच्याच हातचं जेवली, आणि जेवताना आवडतंय असं एकदाही म्हणाली नाही.

अत्याबाई गेल्या. दिवसवार झाले, अक्का कामावर रुजू झाली. अकरा वाजता कापी आली. मी तिचा टंबळर नेहमीसारखा तिच्यापुढे केला. तिनं हातानं दूर सारला.

"अगं, वास तरी घे."

"नक्को."

"आता तुझं तोंड कोण हुंगणार आहे? सुटलीस की! चार दिवसांनी फिल्टर आणून देते तुला."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. संध्याकाळी बसमध्ये, अय्यमपेट्टै गाव मागे पडल्यावर, ती आपणहून बोलायला लागली.

हे मी इथे लिहिते आहे ते एकाच धीरावर. आमच्या आळीत मराठी बोलणारे पुष्कळ, पण देवनागरी वाचणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत. तिच्या मुलाला तर मराठीतलं 'क' काढता येत नाही. तेव्हा तुम्हाला सांगितलं म्हणजे तिथे सांगितलं असं होत नाही.

शेवटच्या महिन्यात अत्याबाईंना माणसं ओळखू येईनाशी झाली. सुनेला त्या 'अम्मा' म्हणायच्या, आपली आईच समजायच्या. अन्न जवळजवळ सुटलं होतं. आणि एके दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, अक्काचा हात धरून त्या म्हणाल्या, "अम्मा, कापी दे की गे. घोटभर. तिकडं गेले की मेळणार नाही."

तिकडं म्हणजे सासरी. चौदाव्या वर्षी लग्न होऊन निघालेली मुलगी बोलत होती ती. अक्काला तेव्हा उमगलं, की म्हातारीही जन्माची कापी न पिणारी नव्हती. तिनंही सोडली होती, तिच्या सासूसाठी, आणि सत्तर वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी आधी नाही म्हटलं," अक्का म्हणाली. "शुद्धीत असती तर ती मेली असती पण मागितली नसती. सत्तर वर्षांचं व्रत तिचं. ते मोडणारी मी कोण? पण ती रडायला लागली गं. मुलं रडतात तशी. तीन दिवसांत पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि मागतेय तर कापी."

घरात फिल्टर नव्हतं, पूड नव्हती. ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, झटपट कापीची पुडी आणली. ज्या चुलीवर कधी कापीचं पाणी चढलं नव्हतं तिथे दूध तापवलं. म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन तीन चमचे घातले.

"तर काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, 'ही कापी नव्हे.' सत्तर वर्षांनी प्यायली, ती पुडीची! तुझ्याकडे फिल्टर होतं. मागायला आले असते, पण तू विचारलं असतंस, कुणासाठी."

त्यानंतर अत्याबाई चार दिवसच जगल्या. अक्कानं नवऱ्याला सांगितलं नाही, मठातही सांगितलं नाही. "तिचं मी मोडलं," ती म्हणाली. "आता माझं तरी मोडायचं नाही. वाससुद्धा नक्को." मी तिला खूप समजावलं. म्हटलं, अगं, पुण्य केलंस तू, तहानलेल्याच्या तोंडात घातलंस. तिनं ऐकून घेतलं, आणि तंजावूर आल्यावर पिशवी उचलून उतरली.

मग ती निवृत्त झाली, नवरा गेला, ती मुलाकडे बंगळुरूला राहायला गेली. फोनवर बोलायची. तिथली माणसं कापी चांगली करतात म्हणे, असं एकदा म्हणाली, आणि लगेच विषय बदलला. मागच्या वर्षी थोड्याशा आजारानं ती गेली. मला जाता आलं नाही.

नवव्या दिवशी तिच्या मुलाचा फोन आला. थोडं मराठी, थोडं तमिळ, थोडं इंग्रजी. "मावशी, उद्या दहावा. अम्माला जे आवडत होतं ते पानात ठेवायचं, असं गुरुजी सांगतात. मला, माझ्या बायकोला दुसरं काही आठवत नाही. तिनं कधी काही मागितलंच नाही. कापी तिनं आजीसाठी सोडली ती कायमची, पुढे वासही चालत नव्हता, म्हणून ती ठेवायची नाही, तेवढं एक पक्कं ठाऊक आहे. तुम्ही सांगा, अम्माला काय आवडायचं?"

शब्द माझ्या जिभेवर आला होता. तिकडे तो वाट बघत होता. त्याच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"पुरणपोळी," मी म्हटलं.

"अय्यो, आम्हाला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. बिचाऱ्याला खरंच वाईट वाटलं असावं. "थँक्स मावशी. उद्या नक्की करतो."

अक्काला पुरणपोळी आवडत नव्हती. गोड खाल्लं की तिला मळमळायचं. फोन ठेवून मी भिंतीला टेकून बसले आणि पोटभर रडले. तिचं व्रत मी राखलं, असं मनाला सांगून पाहिलं. ते खरंही असेल. पण सासूचं व्रत मोडून तिच्या तोंडात कापी घालणारी अक्का होती. तिच्या पानावर कापी ठेव, एवढं सांगण्याची छाती मला झाली नाही.