पहिला आकडा न बदलणारे सर

स्वतःच्या प्रोग्राममधला एक स्वल्पविराम बदलला तरी आमचे गणिताचे सर फोन करत. "पोरी, नवी आवृत्ती टाकली. तुह्या फायली चालतीन, भेऊ नको," एवढं सांगून ठेवून देत.

नव्वदीच्या अखेरीस नालवाडीतल्या घरी बसून त्यांनी एक अवजार लिहिलं होतं. प्रोग्राम शेकडो तुकड्यांत लिहिलेला असतो. ते तुकडे क्रमाने जोडून चालतं सॉफ्टवेअर बांधून देणारं. फुकट आणि उघडं. कोणीही वाचावं, बदलावं. त्यांची जुनी विद्यार्थिनी म्हणून मी ते पहिल्या दिवसापासून वापरलं. हळूहळू पुण्यातली पोरंही वापरू लागली.

आवृत्तीला दोन आकडे असत, १.४ असे. सर म्हणत, "दुसरा आकडा रोज बदलू दे. पह्यला बदलला म्हंजे लोकायच्या जुन्या फायली बंद पडतात. तसं करायचं त वर्षभर आधी सांगा लागते." वर्गात प्रमेय सांगावं तसं हे सांगत, आणि आपण न लिहिताच मान डोलावत राहावं असं वाटे.

त्या भरवशावर मी कारंज्याच्या एका लहान दवाखान्यासाठी रक्तदात्यांची यादी सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिलं. तीन वर्षं लागली. तिथल्या सिस्टरांना वहीची सवय सोडवायला त्याहून जास्त कष्ट पडले.

माझा संगणक जळाला तेव्हा नव्यावर सरांचं अवजार इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेतलं. पहिला आकडा बदललेला होता. माझी एकही फाईल त्याने ओळखली नाही. जुनी आवृत्ती सरांनी तिथून काढूनच टाकली होती. तेवढ्यात दवाखान्याच्या यादीत चूक निघाली; ओ निगेटिव्हचे दाते दिसेनात, आणि दुरुस्ती करून सॉफ्टवेअर पुन्हा बांधता येईना. सेलूच्या एका मित्राकडे जुन्या आवृत्तीची सीडी सापडेपर्यंत अकरा दिवस गेले. मी दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर घेऊन दवाखान्यात पोचले तेव्हा सिस्टरांनी वही दाखवली. "मॅडम, हे बंद नाई पडत." सॉफ्टवेअर तिथे पुन्हा सुरू झालं नाही.

तिथून मी तडक नालवाडीला गेले. सर ओसरीत शेंगा सोलत होते.

"सर, मले काऊन सांगतलं नाई?"

"पुण्याचे पोरं म्हणून राह्यले होते, जुनं ओझं टाका. त्यायले महिनाभर आधी इचारलं होतं."

"त्यायले इचारलं. अन् मले?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "तुले सांगतलं असतं त तू नाई म्हटली असती. अन् तू नाई म्हटल्यावर माह्याच्यानं झालं नसतं."

मी चहा न घेता उठले. त्यांच्या उत्तरात माया होती, हे मला रस्त्यातच कळलं होतं. राग त्यानेच वाढला.

पुढे सर मुलाकडे पुण्याला गेले. चार वर्षांनी त्यांचं ई-पत्र आलं. शाळेसाठी कधीकाळी लिहिलेला वेळापत्रकाचा प्रोग्राम त्यांना पुन्हा बांधायचा होता आणि त्यांच्याच नव्या अवजाराला तो ओळखू येत नव्हता. "तुह्यापाशी जुनी प्रत असंन," त्यांनी लिहिलं होतं.

मी लगेच पाठवली. संध्याकाळी उत्तर आलं: "भेटली. चालली."

त्याखाली अजून काही असेल म्हणून मी ते पत्र शेवटपर्यंत सरकवून पाहिलं. दोनदा.