मेणवेलीचे तेवीस देठ

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणते. शाळेत त्या चार इयत्तांपलीकडे गेल्या नाहीत, पण कोटाचं कापड टेबलावर अंथरून हातात कात्री घेतली की भल्याभल्यांची बोलती बंद होते. चाळीस वर्षं पुरुषांचे कोट कापलेत. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा कुठला खांदा पडका आहे ते यांना कळलेलं असतं, आणि त्या ते त्याला तोंडावर सांगतातही. माणूस चिडतो. मग कोट अंगावर चढला की आरशापुढून हलत नाही.

मी त्यांची सून. या घरात आल्यापासून पहिली नऊ वर्षं मी फिनिशिंगच केलं. म्हणजे काजं करायची, बटणं लावायची, अस्तर टाचायचं आणि सगळ्यात शेवटी लोंबणारे दोरे कापायचे. माझ्या हातून गेलेल्या कोटावर एक दोरा लोंबताना दाखवा, नाव बदलून ठेवीन. ही फुशारकी नाही. बरं, थोडी आहे.

मला हवी होती मोठी कात्री, कटिंगची. ती फक्त सासूबाईंच्या हाती. मी दर वर्षी विचारायची आणि त्या दर वर्षी म्हणायच्या, अजून हात बसायचाय. तेवढ्यात माझी मुलगी जन्मून तिसरीत गेली, पण माझा हात काही बसेना. शिकवतील म्हणाल तर तेही नाही. त्या कापायच्या आणि मी लांबून बघायचं. काही विचारलं की म्हणायच्या, डोळे कशाला दिलेत?

तीच गत वेलीची. दुकान म्हणजे आमची पुढचीच खोली. तिच्या खिडकीत सासूबाईंची मेणवेल आहे. कुणा गिऱ्हाइकानं ओल्या फडक्यात गुंडाळून बोटभर फांदी दिली होती म्हणे. जाड, गुळगुळीत पानं, सगळी जाळी व्यापलेली, आणि कुंडी मात्र एवढीशी. सात वर्षं तिनं फुलाचं नाव काढलं नाही. ज्यानं त्यानं सांगितलं, फेकून द्या. सासूबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. आठव्या वर्षी फुलली. एका देठाला दहा-पंधरा चांदण्यांचा झुपका, फिकट गुलाबी, हुबेहूब मेणाच्या केल्यासारख्या. संध्याकाळ झाली की असा वास सुटतो, की ट्रायलला आलेली माणसं उगाच दोन बटणं जास्त तपासत बसतात. नवा माणूस हमखास बोट लावून विचारतो, खरी आहेत का हो? सासूबाई म्हणतात, आधी हात काढा, मग सांगते. घरात कुणीच तिला हात लावायचा नाही. कुंडी हलवायची नाही, पाणी त्याच घालणार.

मला इथे नऊ वर्षं झाली, त्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी संप केला. ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यापुढे तासन्‌तास उभं राहणं बंद. आणि कटिंग तर उभ्यानंच होतं. आता कात्री माझ्याकडेच येणार, दुसरं आहेच कोण, असं मी धरून चालले होते. एका सकाळी नवरा चहा पिता पिता म्हणाला, आईनं बाहेरचे एक कटिंग मास्तर ठरवलेत, एक तारखेपासून येतील. नऊ वर्षं! दारात पायपुसणं असतं तशी मी त्या घरात होते की काय, असं वाटलं. रडू आलं ते रागाचं होतं.

सासूबाई दवाखान्यात गेल्या आणि तिथून नणंदेकडे, कारण तिच्या इमारतीला लिफ्ट आहे. तीन आठवडे दुकान माझ्याकडे. मी मनाशी ठरवलं, परत येतील तेव्हा दुकान असं लखलखीत दिसलं पाहिजे, की त्या मास्तरांना सासूबाईंनी स्वतःहून नको म्हणावं. कापलेले सगळे कोट शिवून, इस्त्री करून दांडीला लावले. मशिनी पुसल्या, तेल घातलं. खडूंचे डबे धुतले. मग नजर गेली वेलीवर.

फुलांचा मोसम सरला होता. फुलं गळाल्यावर त्यांचे बोटाच्या पेराएवढे देठ तसेच राहतात, उघडे, खडबडीत, वाळल्यासारखे. जिकडे तिकडे ते लोंबत होते. मी आजवर दिवसाला शेकड्यानं दोरे कापलेत. लोंबणारं काही दिसलं की माझा हात मला विचारत नाही. दोऱ्याची छोटी कात्री घेतली, स्टुलावर चढले आणि पाच मिनिटांत सगळी वेल साफ केली. खाली उतरून लांबून बघितलं. काय सुबक दिसत होती!

मग टेबलावर पांढरा थेंब पडला. मी वर पाहिलं. जिथे जिथे कात्री लागली होती, तिथे तिथे दूध येत होतं. वाळक्या काडीतून दूध येत नाही, एवढं कळायला शाळा लागत नाही. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतल्या माळ्याला फोन लावला. तो म्हणाला, अहो बाई, या वेलीचे देठ कापायचे नसतात, दर वर्षी त्याच देठांवर फुलं येतात. एक-दोन कापलेत का? मी फोन ठेवला. केराच्या सुपलीतून एकेक वेचून मोजले. तेवीस होते.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा भला माणूस आहे, पण भांडण दिसलं की तो गल्ली बदलतो. म्हणाला, कीड लागली म्हणून सांग ना, आईला काय कळतंय इतक्या दुरून. आणि लगेच वर, निदान एक तारीख जाऊन मास्तरांचं काय ते ठरू दे, आत्ता सांगितलंस तर कात्री कायमची गेली असं समज. कात्रीबद्दल तो खोटं बोलत नव्हता. ज्या बाईनं विचारल्याशिवाय तेवीस देठ उडवले, तिच्या हाती परक्याचं महागाचं कापड कोण देईल? मीसुद्धा दिलं नसतं.

पण आमच्या दुकानात एक नियम आहे. तुकडा चुकीचा कापला गेला, तर त्यावर लाल खडूनं फुली मारायची आणि तो सासूबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. सुई घालण्याआधी. कापलेलं लपवून कुणी शिवून टाकलं की मग ते गिऱ्हाइकाच्या अंगावर उघडं पडतं, आणि तेव्हा इलाज नसतो. त्या स्वतःही फुली मारतात. चाळीस वर्षांत फार नाही, पण मारली आहे. मी ते तेवीस देठ अस्तराच्या तुकड्यावर ओळीनं मांडले, फुली मारली आणि टेबलावर ठेवले.

सासूबाई दोन दिवसांनी आल्या. काठी टेकत, लेकाच्या खांद्याचा आधार घेत. दांडीवरचे कोट पाहिले, मान हलवली. मग टेबलाशी आल्या. एक देठ उचलून उजेडात धरला. माझा नवरा स्वयंपाकघरात सटकला.

"माझ्या मुलानं काहीतरी सुचवलं असेलच," त्या म्हणाल्या.

"सुचवलं. कीड म्हण म्हणाला."

"मग?"

"कीड नव्हती. मी होते. दोरे समजून कापले." आणि मग माझं तोंड सुटलं. "पण आई, तुम्ही कधी सांगितलंत का, की हे कापायचे नसतात? वेलीचंही नाही, कापडाचंही नाही. नऊ वर्षं नुसतं बघून काय काय कळणार माणसाला?"

त्यांनी देठ जागेवर ठेवला. "मला फार राग आलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता काही दिवस मी तुझ्याशी बोलणार नाही."

आणि नाही बोलल्या. आठ दिवस. पाणी हवं असलं तर नातीला सांगायच्या, तुझ्या आईला म्हणावं पाणी दे. मी दोन हातांच्या अंतरावर उभी! मला हसू यायचं. रोज सकाळी त्या खुर्ची खिडकीशी ओढून घ्यायच्या आणि वेलीच्या जखमांवरून बोट फिरवायच्या. ते बघणं फार जड गेलं. पुढच्या मोसमात वेलीला एक फूल आलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. त्याच्या पुढच्या वर्षी कुठे दोन नवे देठ निघाले.

त्या आठ दिवसांतच एक तारीख येऊन गेली. मास्तर आले नाहीत. मला वाटलं, काही अडचण असेल. विचारणार कुणाला?

नवव्या दिवशी दुकान उघडलं तर टेबलावर गडद निळं कापड अंथरलेलं, शेजारी मापाची वही, टेप, खडू आणि मोठी कात्री. सासूबाई टेबलाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"ये. काप," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, आणि ते मास्तर?

"त्यांना नको म्हणून कळवलं."

"कधी?"

"मी घरी आले, त्याच दिवशी दुपारी."

मला काही उमगेना. "मग आठ दिवस बोलला का नाहीत?"

"राग आला होता ना," त्या म्हणाल्या. "त्याचा याच्याशी काय संबंध?"

मी टेबलाशी गेले. वही वाचली, टेप लावली, खडूनं आखलं. त्यांनी दोनदा अडवलं, काखेची रेघ पुसायला लावली, का पुसायची तेही सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला कशाचं तरी कारण सांगितलं होतं. मग कात्री उचलली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच जड होती. पातं कापडावर टेकवलं.

"आई, चुकेल माझ्याकडून," मी म्हटलं.

"चुकेल की," त्या म्हणाल्या. "पण ते मला तुझ्याच तोंडून कळेल. काप."

मी कापलं.