मोर्शीच्या गाडीतला बाप

मोर्शीहून अमरावतीला निघालेल्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन. खिडकीशी त्याचं चौदा-पंधरा वर्षांचं लेकरू होतं. अंगात शर्ट-पँट, नखांना गुलाबी नेलपॉलिश.

पुढच्या सीटवरचे दोघं मोबाईलवर पुढाऱ्यांची चर्चा ऐकत होते. मुलगा म्हणून जन्मलेलं लेकरू मुलगी म्हणून जगू पाहत असेल, तर डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार करावेत का? ऐकता ऐकता त्या दोघांतलाच एक म्हणाला, बंदीच घाला. दुसरा म्हणाला, लगेच औषधं सुरू करा. दोघंही तावातावानं बोलत होते.

आमच्याकडे गाडीत एकट्यानं कोणी संत्रं खात नाही. त्यानं एक सोललं, पहिली फोड लेकराला दिली, मग त्या दोघांपुढे हात केला.

"हे माही पोरगी. हिलेच डॉक्टरकडे नेऊन राहिलो. डॉक्टरीणबाई सबुरीनं घेऊन राहिली, आमीबी सबुरीनं घेऊन राहिलो. मंग तुमालेच काहून एवढी घाई?"

दोघांनी फोडी घेतल्या. मोबाईल बंद झाला.

अमरावतीला उतरल्यावर ती पुढे चालली आणि तिची बॅग खांद्याला लावून तो मागे. जिल्ह्यात पहिली आलेल्या मुलीचा बाप शाळेच्या फाटकातून बाहेर पडतो ना, तसा.